मूल पळवणाऱ्या बाईची बाजू

ती कादंबरी आमच्या ओट्यावर आली ती बाईंच्या पिशवीतून. बाई म्हणजे आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. ठाण्यात नौपाड्याला आमची बैठी, कौलारू चाळ होती. पुढे लांबच लांब ओटा आणि ओट्यापलीकडे रस्ता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. चाळीतले पुरुष सकाळी मुंबईला कचेऱ्यांत जायचे ते दिवेलागणीला परतायचे, आणि मधली सगळी दुपार बायकांची असायची.

दुपारची भांडी घासून पालथी पडली की आमच्या खोलीपुढे बायका जमत. हात कोणाचेच रिकामे नसत. बहुतेक वेळा मोड आलेले वाल सोलायचे असत, कारण आमच्याकडे बिरडं वरचेवर व्हायचं आणि वाल सोलण्याइतकं वेळखाऊ काम दुसरं नाही. अशा वेळी पुस्तक हवंच. ग्रंथालयाच्या सभासद एकट्या बाईच होत्या, म्हणून पुस्तक त्याच निवडून आणत. पण मोठ्याने वाचलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची. माझी शाळा सकाळची होती आणि उच्चार स्वच्छ होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

ऐकायला ठरलेली माणसं असायची. आई, बाई आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू. काकू आईच्याच वयाच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका पोस्टात होते, सज्जन आणि अबोल. काकूही फारशा बोलत नसत, पण माझा चार वर्षांचा भाऊ दिवसातला अर्धा वेळ त्यांच्याच खोलीत असे. तो त्यांना काय काय सांगत बसायचा आणि त्या सगळं मन लावून ऐकायच्या. चौथी एक कोळीण. चेंदणीच्या कोळीवाड्यातून ती मासळी घेऊन यायची. टोपली रिकामी झाली की घरी जाताना आमच्या ओट्यावर टेकायची, पाणी मागायची आणि गोष्ट चांगल्या जागी आलेली असली तर तिथेच थांबायची.

ही कादंबरी रहस्यमय होती. एका बड्या डॉक्टरांचा मुलगा बंगल्याच्या बागेतल्या झोपाळ्यावरून नाहीसा होतो. फाटकाबाहेर पडदे लावलेली एक घोडागाडी उभी असल्याचं माळ्याने पाहिलेलं असतं, एवढाच धागा. मग एक गुप्तहेर, खोट्या दाढीचा एक बैरागी, डॉक्टरांचा कर्जबाजारी भाऊ, असे सगळे आमच्या ओट्यावरून एकेक करून फिरून गेले. बैरागी खोटा आहे हे बाईंनी पहिल्याच दुपारी ओळखलं आणि त्या फार खूश झाल्या. आईला त्या कर्जबाजारी भावाचा संशय होता. कोळीण म्हणायची, "डाक्तरच लबाड हाय, बगा तुमी."

त्या दिवसांत आईला काय झालं कोण जाणे, ती माझ्या भावाला ओट्याची पायरी उतरू देईना. रस्त्याने कोणी बैरागी गेला की त्याला उचलून आत नेई. बाबा संध्याकाळी हे ऐकून हसायचे. "पुस्तक ग्रंथालयाचं, पण चोर मात्र आपल्या आळीत सुटलेत," असं म्हणायचे.

शेवटी उलगडा झाला तो कोणाच्याच अंदाजात नव्हता. मूल एका बाईने नेलं होतं. ती डॉक्टरांच्या दवाखान्यात पूर्वी कामाला होती आणि तिचा स्वतःचा मुलगा तिथेच दगावला होता. नदीपलीकडच्या एका खेड्यात तिने त्या मुलाला ठेवलं होतं. गुप्तहेर आणि शिपाई नदी ओलांडून येताहेत हे तिला लांबून दिसतं. पळाली असती तर ती सुटली असती. पण मुलाला ताप भरलेला असतो. ती त्याच्या कपाळावरच्या घड्या बदलत तिथेच बसून राहते आणि पकडली जाते. मूल आपल्या आईच्या मांडीवर, ती बाई तुरुंगात. संपली कादंबरी.

मी पुस्तक मिटलं. थोडा वेळ नुसता वालांचा आवाज होत राहिला, टरफल निघालं की ताटात टपकन पडणाऱ्या डाळिंब्यांचा.

"गुन्हा तो गुन्हा," बाई म्हणाल्या. "लेखकाने शेवट योग्य केला. घड्या बदलल्या म्हणून चोरी माफ होत नसते."

"मला बाई तिचं काही सुचतच नाही," आई म्हणाली. "मला त्या मुलाची आईच दिसते. इतके दिवस त्या माउलीच्या घशाखाली घास कसा उतरला असेल? लेखकाने तिला नुसती पलंगावर रडत ठेवलीय. तिच्याबद्दल दोन पानं तरी लिहायची."

कोळीण टोपली उचलायला वाकली होती ती तशीच उभी राहिली. "आपला पोर गेला म्हनून दुसरीचा उचलायचा? माजी दोन गेली, बाय. मंग मी काय तुमची पोरा टोपलीत घालून नेवाची?" तिचा आवाज चढला होता. मग तिलाच कसंसं झालं असावं. माझ्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "पन पोराला ताप व्हता नि तिनी त्याला सोरला नाय, ती गोस्ट बरी केली."

काकू अजून बोलल्या नव्हत्या. त्यांनी ताटातले वाल एका कडेला सारले आणि हलकेच म्हणाल्या, "मला वाटतं, वर्षातून एकदा तरी त्या मुलाला तिच्याकडे जाऊ द्यायला हवं होतं."

"कोणाकडे? त्या चोरणारीकडे?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो."

"तुम्हाला तिचा कळवळा येणारच हो," बाई म्हणाल्या.

बाईंच्या मनात वाईट नसावं. वर्गात एखाद्या मुलीला म्हणावं तसं त्या सहज म्हणाल्या. पण आई वर पाहीना. काकूंनी उरलेले वाल भराभर सोलले, पदर झटकला आणि "दूध तापवायचंय" म्हणून आत गेल्या.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी माझा भाऊ हरवला.

दुपारची वेळ होती. आई मोरीत न्हात होती. भाऊ चटईवर झोपला होता आणि मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीबरोबर सागरगोटे खेळत होते. आई केस पुसत बाहेर आली तर चटई रिकामी. आधी ती शांतपणे हाका मारत राहिली. मग मला विचारलं. मग बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता तर उठून बाहेर आलेला पाहिला मी. ओट्यावर होता."

आई क्षणभर उभी राहिली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मग ती तशीच वळली आणि थेट काकूंच्या खोलीत शिरली. मी तिच्या मागे होते. काकूंचं दार लोटलेलं होतं. आईने हाक मारली नाही. आत जाऊन तिने खोलीमधला पडदा बाजूला केला, खाटेखाली वाकून पाहिलं, मोरीचं दार उघडलं. काकू चुलीपाशी कणीक मळत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय झालं, वहिनी?"

"इथे नाहीये तो?" आई म्हणाली. तिचा एक हात अजून पडद्यावर होता.

काकूंना आधी काही कळलं नाही. मग कळलं. ते कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला का कोण जाणे, घरी पळून जावंसं वाटलं.

"इथे नाही तो," काकू म्हणाल्या. "आज आलाच नाही." आणि कणकेच्या हातांनीच, पायांत काही न घालता, त्या आमच्या आधी रस्त्यावर गेल्या.

मग सगळी आळी शोधायला निघाली. आई स्टेशनच्या रस्त्याला धावली, मी शाळेकडे. बाई चाळीच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होत्या. मी परत आले तेव्हा आईही परतली होती आणि ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. एवढ्यात रस्त्याच्या वळणावरून एक टांगा आला. पडदे सोडलेला टांगा.

"घोडागाडी!" बाई ओरडल्या. "धरा त्याला! जाऊ देऊ नका!"

समोरच्या दुकानातल्या दोघा-तिघांनी धावत जाऊन घोड्याचा लगाम धरला. टांगेवाला पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. तो बिचारा भांबावून म्हणाला, "अरे, मी स्वतःच विचारत आलोय ना! हे लेकरू कोणाचं आहे?" आणि त्याच्या शेजारी, हातात चाबूक धरून, माझा भाऊ बसलेला होता.

झालं होतं ते असं. रस्त्याच्या कोपऱ्यावर टांगा उभा होता. म्हातारा चहा प्यायला गेला तेव्हा भाऊ मागून आत चढला आणि सीटखालच्या गवताच्या भाऱ्यावर झोपून गेला. टांगेवाला गिऱ्हाईक घेऊन गेला कोपरीला. तिथे गिऱ्हाईक उतरल्यावर त्याला सीटखाली दोन पाय दिसले. मग तो आळीआळीतून विचारत परत आला, आणि मुलाला ऊन लागू नये म्हणून पडदे सोडले होते.

आईने भावाला उचललं ते कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. तो मात्र "मी घोड्याला गवत दिलं" हे सगळ्यांना सांगत होता. दुकानदारांनी टांगेवाल्याला बसवून पाणी दिलं. बाईंनी स्वतः त्याच्यासाठी चहा केला आणि कप देताना त्यांची मान खाली होती.

काकू सगळ्यांच्या शेवटी आल्या, तळ्याकडून. लांबूनच त्यांनी विचारलं, "सापडला?" कोणीतरी हो म्हणालं. तशा त्या चालायच्या थांबल्या आणि रस्त्याच्या कडेला होत्या तिथेच खाली बसल्या. त्यांचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं होतं आणि निऱ्यांना हिरवं शेवाळ लागलेलं होतं.

आईने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोळणीने सांगितलं. आदल्या दुपारी ती तळ्यावरून येत होती. "ती बाय पायऱ्या उतरून पान्यात गेली. धुनं धुनाऱ्या बाया वरडत व्हत्या, नको जाव म्हनून. पायांनी चाचपत व्हती सगला. पवता येत नाय तिला." आईने तिच्याकडून मासळी घेतली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काकू दुपारी ओट्यावर यायच्या बंद झाल्या. मी बोलवायला गेले की म्हणायच्या, "डोकं दुखतंय गं, तुम्ही वाचा." भाऊ पूर्वीसारखाच त्यांच्याकडे जायचा, त्या त्याचं पूर्वीसारखंच ऐकायच्या, पण तो आत गेला की आता दार सताड उघडं ठेवायच्या. ते उघडं दार आईला सोसेना. बाईंनी नवीन पुस्तक आणलं तेव्हा आई म्हणाली, "राहू दे. त्या आल्याशिवाय नको."

आणि मग एका दुपारी आई उठली, भावाचा हात धरला आणि काकूंच्या खोलीत गेली. मला तिने ये म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्याशी बसले.

"वहिनी, मी तुमच्या घरात चोर शोधल्यासारखी शिरले," आई म्हणाली. "त्या दिवसापासून मला झोप नाही. तुम्ही मला काहीतरी बोला."

काकू खाटेवर कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "मूल दिसेनासं झालं की माणूस कुठेही शोधतं."

"नाही. मी कुठेही शोधलं नाही. मी आधी तुमच्याकडे आले. तुम्ही त्या गोष्टीतल्या बाईची बाजू घेतली होती, म्हणून आले."

हे इतकं सरळ कोणी बोलेल असं काकूंना वाटलं नसावं. त्या आईकडे बघत राहिल्या. मग हातातलं धोतर बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी त्या बाईची बाजू घेतलीच नव्हती. मी मुलाची घेतली होती."

"म्हणजे?"

"मी म्हटलं, त्या मुलाला जाऊ द्यायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, तिला भेटू द्यायला हवं होतं." त्यांनी माझ्या भावाला जवळ घेतलं. "वहिनी, मला माझ्या आत्याने पळवून नेलं होतं."

त्यांचं माहेर कल्याणचं. त्या अगदी लहान असताना आई गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई स्वभावाने वाईट नव्हती, पण वयाने लहान आणि तिलाही तान्हं बाळ. त्यात या मुलीला मुदतीचा ताप आला. आंबिवलीजवळच्या खेड्यात राहणारी विधवा आत्या तिला बघायला आली, तर पोर माजघराच्या कोपऱ्यात एकटी पडलेली. आत्याने तिला घोंगडीत गुंडाळलं आणि कोणाला न विचारता बैलगाडीत घालून आपल्या घरी नेलं. ताप उतरला. पोर तिथेच राहिली, चांगली चार-पाच वर्षं. आत्यालाच ती आई म्हणायला लागली. मग एक दिवस वडील गावच्या पाटलाला घेऊन आले आणि मुलीला घेऊन गेले. बहीण-भावाचं बोलणं तुटलं. आत्याचं नावसुद्धा घरात निघेनासं झालं.

"नेताना आणि आणताना, दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "ही वाचत होती ना शेवटची पानं, मी सारखी वाट बघत होते, की तो मुलगा काहीतरी बोलेल. त्याच्या तोंडी एक वाक्य नाही घातलं लेखकाने."

आई खाटेच्या कडेवर बसली. "मग तुम्ही नंतर गेला नाहीत?"

"आधी वडिलांची शपथ होती. मग लग्न झालं. मग इतकी वर्षं गेली की जायची लाज वाटायला लागली." त्यांनी माझ्या भावाच्या सदऱ्याचं निसटलेलं बटण लावलं. "आणि गेले, आणि त्या नसल्याच तर? गेले नाही तोवर त्या आहेत."

आई मग म्हणाली, "आंबिवली काही काशीला नाही. उद्या मुलीला सुट्टी आहे. आपण जाऊ."

"उद्या?"

"उद्याच. परवापर्यंत तुमचा विचार बदलेल."

आम्ही चौघं गेलो. कल्याणला गाडी बदलली. पुढच्या गाडीत गर्दी नव्हती, खिडकीतून नुसती कापलेली भातखाचरं दिसत होती. काकू अंबाड्यावरची वेणी पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. आंबिवलीला उतरून बांधाबांधाने चालायचं होतं. स्टेशनच्या आसपास बरीच नवी बांधकामं झालेली पाहून काकू घाबरल्या, "हे असं नव्हतं, मला वाट सापडायची नाही," म्हणाल्या. पण ओढा ओलांडला आणि त्यांचे पाय आपोआप वळले. त्या पुढे, आम्ही मागे. आई मला हळूच म्हणाली, "मागेच रहा जरा."

शेणाने सारवलेल्या ओटीवर एक म्हातारी उन्हाला पाठ करून सुपात नाचणी पाखडत होती. काकू अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण आहे?" म्हातारीने विचारलं.

काकू वाकल्या आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला. म्हातारीने सूप खाली ठेवलं. तिने काकूंच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कान पाहिले, कानामागचा एक तीळ अंगठ्याने चाचपला. आणि रागावल्यासारखी म्हणाली, "केवढा उशीर केलास गं!"

मग दोघी रडल्या. आईने आम्हां दोघांना विहिरीकडे नेलं आणि तिथे आम्ही उगाचच खूप वेळ पाय धुतले. परत आलो तेव्हा आत्या चुलीपुढे होत्या आणि काकू, आमच्या एवढ्या मोठ्या काकू, पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि वरण खात होत्या. आत्या दर घासाला विचारत होत्या, "मीठ बरं आहे?"

त्या दिवाळीला आत्या नौपाड्याला आल्या आणि पावसाळ्यापर्यंत राहिल्या. दुपारी त्याही ओट्यावर बसून वाल सोलायच्या. सगळ्यांत भराभर त्याच सोलायच्या. आम्ही मूल पळवल्याची एक गोष्ट वाचली होती, असं भावाने त्यांना सांगितलं तेव्हा त्या ती ऐकायचीच म्हणून धरून बसल्या. बाईंनी पुस्तक पुन्हा आणलं. मी पुन्हा वाचलं. काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या, आईही नाही.

"मूल परत नेलं ते बरोबर केलं," सगळं ऐकून झाल्यावर आत्या म्हणाल्या. "लेकरू आई-बापाचंच. पण नेताना त्या बाईला लांब उभी करायला नको होती. ताप कधी येतो, काय चालतं, काय चालत नाही, हे तिला त्याच्या आईला सांगू द्यायचं होतं. नाहीतर त्यांना कळणार कसं?"

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. आईने कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "खरं आहे. हे लेखकाला सुचायला हवं होतं."

पावसाळ्याआधी घर शाकारायचं म्हणून आत्या परत जायला निघाल्या. काकू त्यांच्याबरोबर आठवडाभर राहायला जाणार होत्या. मग माझ्या भावाने हट्ट धरला की मलाही जायचंय, तिथे बैल आहेत. बाबा म्हणाले, इतका लहान मुलगा, आईशिवाय राहील का? आईने त्याचे सदरे-चड्ड्या एका पिशवीत भरल्या, वर लाडवांचा डबा ठेवला आणि पिशवी काकूंच्या हातात दिली.

"रात्री पांघरूण काढून टाकतो," ती म्हणाली. "तेवढं बघा."

आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आई थोडी रेंगाळली. मग माझा हात धरून चालायला लागली आणि म्हणाली, "चल. आज दोघींपुरताच चहा टाकू."